'इको' व्हिला आणि सांडपाण्याचा टँकर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गोव्यातल्या बार्देशात हल्ली जिकडे बघाल तिकडे 'इको'. इको व्हिला, इको रिसॉर्ट, सस्टेनेबल लिव्हिंग, काय विचारू नका. आमच्या वाड्याच्या तोंडावर एका प्रोजेक्टचा असाच बोर्ड लागलाय, हिरवं पान आणि त्याखाली 'निसर्गाच्या कुशीत', आणि बोर्डाच्या मागे जाऊन बघितलं तर शेतात लाल माती टाकून कमरेएवढा भराव, पाणी जायची वाट बुजलेली, त्यामुळे पावसात ते सगळं पाणी शेजारच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, तुंबतं आणि माडांच्या बुंध्याशी डास. बोर्ड फ्लेक्सचाच आहे हे वेगळं सांगायला नको. सेल्सचा पोरगा सांगतो छपरावर सोलर बसवणार. बसवतील, त्यावर वाद नाहीच, पण प्रत्येक व्हिलाला वेगळा स्विमिंग पूल आहे आणि तो भरायला पाणी कुठलं विचारलं तर म्हणे टँकर. आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरतो? त्याला माहीत नाही.

यात गंमत अशी की धडधडीत खोटं कोणी बोलतच नाही. एक बारीक खरं पुढे करायचं म्हणजे मोठं खरं मागे राहतं. हॉटेलच्या बाथरूममधलं ते कार्ड बघा, 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा'. जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ सालीच यावर बोट ठेवलं होतं की वाचतं ते हॉटेलचं लाँड्रीचं बिल आणि नाव मात्र पृथ्वीचं. आपल्याकडे अजून तेच कार्ड चालू आहे. मला टॉवेलचं काही पडलेलं नाही, मला सांगा सांडपाणी कुठे जातं. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे का, असला तर सीझनमध्ये हॉटेल फुल असताना चालतो का, की सोकपिट (शोषखड्डा) भरलं की रात्री टँकर बोलवायचा आणि तो कुठल्या नाल्यात रिकामा होतो ते कोणी बघायचं नाही? आमच्याकडच्या विहिरींचं पाणी आता प्यायला घेववत नाही, एवढंच सांगतो.

मोठ्या कंपन्यांचंही तेच. फोक्सवॅगनने डिझेल गाड्या 'क्लीन' म्हणून विकल्या आणि २०१५ मध्ये उघडकीला आलं की जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत टेस्टच्या वेळेपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. आपल्या देशात प्लास्टिकच्या ईपीआरचं, म्हणजे उत्पादकावर टाकलेल्या जबाबदारीचं बघा, जेवढं प्लास्टिक बाजारात आणलं त्या हिशोबाने रिसायकल झाल्याची सर्टिफिकेटं कंपनीने घ्यायची असा नियम, आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी केली तर सुमारे ६ लाख सर्टिफिकेटं बोगस निघाली. म्हणजे प्लास्टिक होतं तिथेच, कागद तेवढे रिसायकल झाले! शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, चांगलं केलं, पण आमच्या गावात व्हिला बांधणारी छोटी कंपनी त्यात कुठे येते?

५ जूनच्या, पर्यावरण दिनाच्या, झाडं लावण्याबद्दल लिहितच नाही. टी-शर्ट, फोटो, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, आणि चवथीपर्यंत रोपं गुरांच्या पोटात.

टिकाऊ काम कसं असतं ते गोव्याला कोणी शिकवायला नको. खाजन शेतं बघा. खारं पाणी अडवायला मातीचे बांध, भरती-ओहोटीप्रमाणे उघडबंद होणारी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, आत भात आणि मासे, शेकडो वर्षं हे चाललं ते काय कोणाला पर्यावरणाचा पुळका होता म्हणून नव्हे. बांध फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरणार, त्यामुळे बांधाकडे सगळ्यांचंच लक्ष. निष्काळजीपणा केला तर स्वतःचंच ताट रिकामं. आता तिथेही बिघडलंच आहे, मानशीच्या लिलावाच्या पैशापायी मासळीकडे लक्ष जास्त आणि भाताकडे कमी, काही ठिकाणी तर बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी आहेत, ते काही लपवत नाही. पण मुद्दा तोच, व्हिलावाल्याचं काय जातं? तो विकून मोकळा, चिखल आणि दुर्गंधी आमच्या वाट्याला.

त्याचंही काहीतरी जावं म्हणून आता नियम आहे आणि तो बहुतेकांना माहीतच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांविरुद्ध, गाइडलाइन्स काढल्या. इको-फ्रेंडली, ग्रीन, सस्टेनेबल, कार्बन न्यूट्रल असं नुसतं लिहून चालत नाही, पुरावा द्यावा लागतो, आणि तो ग्राहकाला सहज बघता येईल असा, क्यूआर कोड किंवा वेबसाइटवरसुद्धा चालतो. वस्तूंबरोबर सेवांनाही लागू, म्हणजे हॉटेलंसुद्धा आली. फसव्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंत दंड, परत केली तर ५० लाखांपर्यंत. तक्रारीला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पळवाटही आहे, कंपनीचं नुसतं ध्येयवाक्य असेल, कुठल्या प्रॉडक्ट किंवा सेवेबद्दल नसेल तर ते यात येत नाही, त्यामुळे उद्या 'आमचं स्वप्न हिरवा गोवा' असले बोर्ड वाढले तर नवल वाटून घेऊ नका.

पंचायतींनी एवढं करावं. कोणी 'इको' म्हणून परवान्याला आला की ग्रामसभेत त्याला उभा करून विचारावं, पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, आणि जमीन बिगरशेती केल्याची सनद दाखव, ती आधी शेत होती की नाही. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) चा गोंधळ आपण सगळ्यांनी बघितलाय, 'दुरुस्ती'च्या नावाखाली शेतं सेटलमेंट, म्हणजे बांधकामाची जमीन, होत होती आणि शेवटी मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाला त्याचे नियम रद्द करावे लागले. त्याच भरावावर उद्या हिरवं पान चिकटवून मिरवणार असतील तर त्याला विचारणारं कोणीतरी हवंच ना.

आणि एक तुमच्यासाठी, रागावू नका. रविवारच्या अंकात पानभर 'इको-लक्झरी'च्या जाहिराती येतात. रोजच्या धंद्यात जाहिरात छापली तर कायदा पेपरवाल्याला सहसा धरत नाही हे ठाऊक आहे. तरी छापण्याआधी पुराव्याचा क्यूआर कोड मागा, नाही दिला तर 'इको' हा शब्द काढून बाकीची जाहिरात छापा, पैसे तेवढेच मिळतील.

आपला,
बार्देशमधला एक वाचक