कुंडईच्या वर्कशॉपसाठी, जर्मनीहून

ती. दादास,
सा. न.

परवाच्या फोननंतर डोक्यात तेच चाललंय. औषध कंपन्या गोळ्या दाबायच्या साच्यांचा, पंच-डायचा, भाव पाडून मागतात, नाहीतर चीनहून मागवतो म्हणतात, आणि त्यावर तू कर्ज काढून आणखी एक कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन घ्यायला निघालायस. जरा थांब. तेच मशीन चीनवाल्याकडेही आहे.

मी राहतो त्या वाइब्लिंगेनला सिंटेगॉनचं मुख्यालय आहे. आपल्या गोव्यात वेर्ण्याला ज्यांचा कारखाना आहे तेच, पूर्वीची बॉशची पॅकेजिंग शाखा. स्टुटगार्टच्या पलीकडच्या अंगाला डिट्झिंगेनमध्ये लेसर बनवणारी ट्रुम्फ. एका घराण्याची कंपनी, पण एएसएमएल या डच कंपनीच्या सगळ्यात बारीक चिपा छापणाऱ्या यंत्रांना लेसर यांचाच लागतो. आरसे झाइस या दुसऱ्या जर्मन कंपनीचे. दोघांनी फ्राउनहोफर या कारखान्यांसाठी संशोधन करणाऱ्या संस्थेला बरोबर घेऊन वर्षानुवर्षं त्यावर घालवली, तेव्हा कुठे जमलं. आता घासाघीस करायला समोरच्याकडे दुसरं दुकानच नाही.

हे फ्राउनहोफर 1949 पासूनचं. सरकार ठोक अनुदान देतं ते साधारण एक-तृतीयांश, बाकीचा खर्च त्यांनी कारखान्यांची आणि सरकारी प्रकल्पांची कामं घेऊन काढायचा. त्यामुळे कारखानदाराची अडचण ऐकून घेणं त्यांना भागच असतं. जर्मनी जीडीपीच्या तीन टक्क्यांहून जास्त पैसा संशोधनावर लावते, आपण 0.64 टक्के. शिवाय इथे त्यातला मोठा वाटा कंपन्यांचा, आपल्याकडे सरकारचा. म्हणजे सगळं दिल्लीवर ढकलायचीही सोय नाही!

आपण कच्चा माल द्यायचा नि खरी कमाई दुसऱ्याने करायची, गोव्याला हे नवीन नाही. डिचोली-सत्तरीचं खनिज बार्जमधून मुरगावला आणि तिथून जपान-चीनला गेलं, पोलाद त्यांनी केलं. 2012 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक तू पाहिलेस.

आता तुझ्या कामाचं. गोळीवर अक्षर कोरलेलं असलं की 'ए'च्या नाहीतर 'बी'च्या पोटात पावडर चिकटते, अक्षर फुटकं उमटतं, मग लाईन थांबवून पंच पुसत बसायचं. तुझी गिऱ्हाइकं यावरून बोंबलतात असं तूच सांगितलंस. मग हेच धर की! कुठल्या पावडरीला कसलं पॉलिश लागतं, क्रोमियम नायट्राइडचा लेप टिकतो का, कोरीव अक्षराच्या कडेला उतार किती हवा. आज तू ड्रॉइंग येईल तसा पंच करून देतोस, त्यात मजुरीच सुटणार. ड्रॉइंग तुझं असलं तर भाव तू सांगशील.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आयआयटीही तिथेच. कुंडईपासून लांब का आहे? ते आपणहून येणार नाहीत, तूच चार-पाच खराब पंच पिशवीत घालून जा. एका हेलपाट्यात काही होणार नाही, वर्ष तरी जाईल. तेवढा वेळ आहे त्या मशिनांवर काढ.

सावंतवाडीला गेलास की आईला सांग, डिसेंबरात येतोय. आणि चिकटणाऱ्या पंचांचे जवळून काढलेले फोटो पाठव. इथे ओळखीचा एकजण लेपाचंच काम करतो, त्याला दाखवतो.

तुझा,
धाकटा