केदारतालहून आल्यावर

कोथरूड, पुणे
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गंगोत्रीहून फोन केला तेव्हा मला काहीही त्रास झाला नाही, असे मी सांगितले होते. ते खरे नव्हते. आई, तू काळजी करत बसशील म्हणून तसे बोलून गेले, पण तेव्हापासून मनाला चैन नाही. म्हणून आता सगळे सविस्तर लिहिते.

बाबा, लहानपणापासून तुमच्याबरोबर दर रविवारी सिंहगड चढल्यामुळे डोंगर मला नवा नाही, असे मी धरून चालले होते. पण आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच, तर गंगोत्री गावच सुमारे ३,१०० मीटरवर आहे, आणि तिथून केदारगंगेच्या खोऱ्याने चढत जाणारी वाट जवळजवळ ४,७५० मीटरवरच्या केदारताल सरोवराशी पोहोचते. भोजखरकपर्यंतची पहिली चढण अगदी अंगावर येते. वाटेत भूर्जाची झाडे लागली. त्यांची साल पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटून वाऱ्यावर फडफडत होती, बाहेरून पांढुरकी, आतून फिकट गुलाबी. आपल्या भांडारकर संस्थेतली शारदा लिपीतली ऋग्वेदाची पोथी अशाच सालीवर लिहिलेली आहे, हे आठवून मी एका खोडावरून हळूच हात फिरवला. तो भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे तिथले काही उचलून आणले नाही.

केदारखरकच्या मुक्कामी रात्री डोके ठणकू लागले आणि दोनदा उलटी झाली. हा विरळ हवेचा त्रास अंगातल्या ताकदीवर अवलंबून नसतो. भराभर उंची गाठली की धडधाकट माणसालाही होतो, आणि तो अंगावर काढून आणखी वर गेल्यास जिवावर बेतू शकते. मी लगेच वाटाड्याला उठवले. सकाळी त्याने आम्हाला पुढे जाऊ दिले नाही. त्रास वाढला तर तडक खाली उतरायचे, असे ठरले. दुपारपर्यंत डोके उतरले, संध्याकाळी गरम खिचडी पोटात टिकली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या राशी ओलांडताना दर वीस पावलांवर थांबावे लागत होते. मग एकदम समोर पाणी आले. वारा पडलेला होता, त्यामुळे ६,९०४ मीटर उंचीचे थलय सागर शिखर त्यात जसेच्या तसे उतरले होते. काठाशी काचेसारखा पातळ बर्फ होता आणि त्याखालचा एकेक गोटा स्पष्ट दिसत होता. बाबा, तिथे तुमची फार आठवण आली. गुडघ्यांनी साथ दिली असती, तर तुम्ही माझ्या पुढे चालत असता.

आई, तू देवघरासाठी गंगाजल मागितले होतेस. केदारगंगा गंगोत्रीलाच भागीरथीला मिळते, म्हणून मी मुद्दाम संगमाच्या खालच्या बाजूला पाणी भरले. त्या बाटलीत त्या सरोवराचेही पाणी आहे. दिवाळीला येताना घेऊन येते.

तुमची लेक