वीस तारखेला परीक्षा कोण ठेवतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रौढ विद्यार्थ्यांना वर्गात ‘गुंतवून’ कसं ठेवावं, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे. फोटो तर त्याहून चांगला आहे. पन्नाशीची माणसं हातात फुगे धरून हसताहेत. मी स्वतः अशाच एका सायंकाळच्या लेखा व कर कोर्सला जातो, त्यामुळे ती का हसताहेत हे मला ठाऊक आहे. दुसरं करणार काय?

आमच्याकडेही वर्गात मोकळेपणा यावा म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या कागदांचा मनोरा रचायचा खेळ झाला. रद्दी आपल्याच दैनिकाची होती, एवढं समाधान आपण मानून घ्यावं. आमच्या गटात महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानाची बिलं सांभाळणाऱ्या एक वहिनी, उद्यमनगरात लेथवर उभं राहून कंबर गेलेले आणि आता बैठं काम शोधणारे एक गृहस्थ, गडहिंग्लजकडचे निवृत्त सुभेदार आणि मी. सुभेदारांनी मनोरा उभा केला, पंख्याच्या वाऱ्यानं तो पडला, सगळे हसले. झालं. याला माझी हरकत नाही. मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेलाही नाही. जो आधी बटण दाबेल त्याला जास्त गुण, म्हणजे पहिला नंबर बारावी होऊन आलेल्या पोरांचा हे ठरलेलंच. चालायचंच.

पण गुंतवण्यावर लेखिकाबाईंनी जवळजवळ सगळी जागा दिली आणि गुण कसे द्यावेत हे शेवटच्या चार ओळींत उरकलं. आमचं दुखणं नेमकं तिथं आहे.

मी शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. गुळाच्या पट्ट्या, तोलाई, हमाली, परपेठेची बिलं, सगळं माझ्याकडे. हातात प्रमाणपत्राचा कागद नाही म्हणून कोर्सला नाव घातलं. अंतर्गत चाचणीची तारीख लागली, ती वीस. ज्यांचा या धंद्याशी संबंध आहे त्यांना सांगायला नको. दरमहा जीएसटीचं विवरण भरणाऱ्याची ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं विवरण, वीस तारखेपर्यंत गेली पाहिजे, नाहीतर दिवसाला ५० रुपये दंड आणि थकलेल्या करावर व्याज वेगळं. त्या दिवशी दुपारनंतर पोर्टल मुंगीच्या पावलानं चालतं. म्हणजे जीएसटी शिकवणाऱ्या वर्गाची परीक्षा जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी! वर्गातले नोकरदार निम्म्याहून जास्त आलेच नाहीत. ते ‘अनुपस्थित’. फेरपरीक्षा नियमात बसत नाही म्हणे.

मी गेलो. मालकाची बोलणी खाऊन, विवरण भरून, धावत गेलो. प्रश्न आला तो नेमका गुळाचा. एका व्यापाऱ्यानं इतक्या क्विंटल गूळ इतक्या दरानं विकला, तर जीएसटी किती? मनात म्हटलं, आज देव पावला. लिहिलं, की गूळ सुटा की पाकिटातला हे प्रश्नात दिलेलं नाही, सबब उत्तर दोन भागांत देतो. सौद्यात निघणारा बिनलेबली रवा, म्हणजे गुळाची ढेप, असेल तर कर शून्य. तोच गूळ एक किलोच्या छापील पाकिटात भरून विकला असेल, तर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. दोन्ही आकडे काढून दाखवले. आमच्या यार्डात दोन्ही प्रकार चालतात, गुजरातला जाणारा माल वेगळा आणि पुण्याच्या दुकानातलं पाकीट वेगळं. त्या जुलैत दुकानोदुकानी काय गोंधळ होता हे आपल्याच दैनिकात छापून आलं असेल.

पाचपैकी शून्य. आदर्श उत्तरात एकच शब्द होता, ‘करमाफ’. नोट्स २०२२ च्या आधीच्या असणार. आमचे सर वयानं माझ्या पुतण्याएवढे, माणूस सज्जन, तासिकेवर राबतात, त्यांनाही महिनोन्महिने मानधन मिळत नसेल. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, “काका, तुमचं बरोबर असंल, पण नोट्समधलं लिहा की. तपासणाऱ्याला तेच लागतंय.” यावर मी काय बोलणार? “बरं सर,” म्हटलं.

उलट जर्नलला, म्हणजे वर्गकामाच्या वहीला, पैकीच्या पैकी. ते हातानं लिहायचं असतं, आणि वर्गातल्या अर्ध्या लोकांची जर्नलं त्यांच्या घरातल्या पोरींनी लिहिलेली आहेत. अक्षर बघितलं तरी कळतं. हजेरीलाही गुण आहेत. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले की संध्याकाळी सहाला आम्ही यार्डातून कसे हलणार, हे कुणी विचारलेलं नाही.

लेखात माल्कम नोल्स या अमेरिकन तज्ज्ञाचा दाखला आहे, की प्रौढ माणूस अनुभवाची शिदोरी घेऊन वर्गात येतो. येतो ना! दारातच काढून ठेवा म्हणतात, चपलेसारखी. खरं मोजायचं असेल तर अवघड काय आहे? चौदा तारखेला २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर निघणारी आपल्या खरेदीची यादी, तयार होते. प्रत्येकानं आपापल्या दुकानाच्या खरेदीच्या बिलांचा गठ्ठा आणावा, नावं झाकून, आणि सरांच्या समोर बसून २बीशी ताळा लावावा. बारदानवाल्यानं आपल्या दुकानाचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर लिहिताना एक आकडा चुकवला तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, कुठं अडकतं आणि त्याच्याकडून दुरुस्ती कशी करून घ्यायची, हे तोंडी विचारावं. एका तासात कळेल कोण किती पाण्यात आहे. बारावीच्या पोरांनाही त्यातनं चार गोष्टी मिळतील, ती बिचारी खरं बिल न बघताच पास होताहेत. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत गवंड्याचं आधीचं काम तपासून त्याला प्रमाणपत्र देतात. मग कॉलेजच्या वर्गातच तेवढं जमत नाही होय?

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात. लेखाच्या शेवटी शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम आला आहेच, तो आल्याशिवाय आपल्याकडे लेख संपत नाही. त्यापेक्षा आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीच्या शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांची आठवण काढली असती तर विषयाला धरून झालं असतं. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी आणि नंतरही या विषयावर हा माणूस लिहीत होता, आणि त्यांनी उभं केलेलं गारगोटीचं मौनी विद्यापीठ तर इथनं तासाभराच्या वाटेवर आहे. पण त्यांचा फोटो पुरवणीत फुग्यांइतका खुलत नसावा.

पुढच्या चाचणीची नोटीस परवा फलकावर लागली. तारीख अकरा. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरण, भरायची शेवटची तारीख कोणती, हे मी आता सांगत बसत नाही, यार्डात कुणालाही विचारा.

आपला नियमित वाचक,
एक दिवाणजी, कोल्हापूर
(निकाल लागेपर्यंत नाव छापू नये.)

ता. क. – बाजारभावाच्या चौकटीत गुळाचा दर आठवड्यातनं दोनदा गायब असतो, आणि असतो तेव्हा कालचाच पुन्हा छापलेला असतो. फुग्यांच्या फोटोला अर्धं पान मिळतं, तेव्हा जागेची अडचण आहे असं कृपया कळवू नये.