पुतळ्याआधी बसायला जागा द्या

संपादक महोदय,

२९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी ग्वाल्हेरची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. आमच्या ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर भागातील मराठी घरांत हा विषय निघाला, की कुणीतरी 'भव्य पुतळा उभारा' म्हणतंच. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. मला विचाराल, तर माणसं चार घटका बसतील अशी जागा बांधा.

लेकीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन लष्करी दफनभूमीतलं खुलं प्रेक्षागार पाहिलं. लंबवर्तुळाकार, भोवती खांबांची ओवरी, सगळं व्हर्माँटच्या पांढऱ्या संगमरवरात. जावई 'चला, पहारा बदलायची वेळ झाली' म्हणून घाई करत होते आणि मी दगडी बाकांची उंची वितीने मोजत होतो! स्मृतिदिनाच्या गर्दीला जुना मंडप पुरेना, म्हणून यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांच्या संघटनेने याचा पाठपुरावा केला. त्यात पुढे असलेले न्यायाधीश किंबल १९१६ मध्येच वारले. लोकार्पण १९२० चं. दारासमोरची अनामिक सैनिकाची समाधी, जिच्यासाठी आज जग तिथे जातं, ती १९२१ ची. म्हणजे बैठक आधी, समाधी मागाहून.

एक गोष्ट मात्र खटकली. मंचाच्या दोन्ही अंगांना चौदा सेनापती आणि चौदा नौसेनानी कोरलेत, वर ४४ लढाया. साधा शिपाई बाहेर, आपापल्या थडग्यावर.

आपल्याकडे काय? त्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकलेल्या तोफांच्या धातूचा घुमट कोलकात्यात हुगळीकाठी उभा आहे, १८४७ पासून. तिथली नावं त्यांच्या मेलेल्यांची. आपल्या शिपायांची नावं वाचायला मी कुठे जाऊ?

पनिहार शिवपुरीच्या वाटेवरच आहे. संगमरवर नको, आपला ग्वाल्हेरचा दगड चालेल. दोनेकशे माणसं मावतील अशा अर्धगोल पायऱ्या करा आणि जुन्या दफ्तरांत सापडतील तेवढी नावं हुद्दे न लावता कोरा. जिल्हा प्रशासनाने निदान जागेची पाहणी तरी करावी. आणि भोवती कडुनिंब आधी लावा, पायऱ्या मागाहून केल्या तरी चालतील. आपल्या मे महिन्यात उघड्या दगडावर कोण टेकणार?

आपला,
एक निवृत्त नकाशाकार, लष्कर, ग्वाल्हेर