निर्णयाचा सराव प्रत्येकाला मिळू द्या

मा. संपादक,
स. न.

सामूहिक दुर्घटनांसाठी पॅरामेडिकना, म्हणजे रुग्णवाहिकेवर उपचार करणाऱ्या आम्हा कर्मचाऱ्यांना, संगणकावर दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणावरचा कालचा लेख वाचला आणि राहवले नाही. पडद्यावर माणसे वाचवून काय होणार, मैदानात उतरा, असा लेखाचा एकूण सूर. मी याच कामात आहे. मैदानातल्या रंगीत तालमी कशा होतात ते लेखकांनी एकदा जवळून पाहावे.

तारीख-वेळ आधीच कळवलेली असते. लाल रंग फासलेले स्वयंसेवक ठरल्या जागी आडवे होतात. एक वरिष्ठ पुढे होऊन कुणाला कोणत्या रंगाची पट्टी बांधायची ते ठरवतो, बाकीचे आम्ही स्ट्रेचर उचलतो. प्रत्येक तालमीत माझ्या वाट्याला स्ट्रेचरच आले. 'हा आधी, तो नंतर' हे ठरवायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही. मग फोटो, भाषण, संपले. उद्या खरोखर बस उलटली आणि पहिली गाडी माझीच पोचली, तर मी काय करायचे?

कुणावर आधी उपचार करायचे ते रंगांनी ठरवणारी, १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेली 'स्टार्ट' पद्धत कागदावर सोपी आहे. लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे थोडे थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्यापलीकडचा. चालू शकणारे हिरवे. श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, तर लाल. श्वास थांबलेला पण श्वासमार्ग मोकळा केल्यावर सुरू झाला, तरी लाल; मोकळा करूनही श्वास नाही, तर काळा. उरलेले पिवळे. एकापाशी मिनिटभरही थांबायचे नाही. आम्हा सगळ्यांना हे पाठ आहे. पण संगणकावरच्या अपघातात, त्या धुरात, एक बाई किंचाळत असते आणि तिच्या मागे सीटखाली एक माणूस गप्प पडलेला असतो. किंचाळणारीचा श्वास चालू आहे हे तिचा आवाजच सांगतो, जिवाला धोका त्या गप्प माणसाच्या असू शकतो. तरी पाय तिच्याकडेच ओढतात. ही ओढ मोडायची तर तोच प्रसंग पुन्हापुन्हा, एकट्याने, स्वतःच्या जबाबदारीवर करावा लागतो. शेवटी कुणापाशी किती सेकंद गेले, कोण नजरेतून सुटला, कोणत्या लालला पिवळे ठरवले, ही सगळी नोंद समोर येते. तालमीनंतर अशी नोंद मला आजवर कुणी दिलेली नाही.

नाडी बोटांनाच सापडते आणि रक्त थांबवणारा पट्टा किती आवळायचा ते हातालाच कळते. तेवढ्यासाठी मैदान हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण निर्णय घ्यायला शिकण्याची जी एकमेव जागा आमच्यातल्या बहुतेकांना मिळते आहे, तिला पोरखेळ म्हणू नका.

आणखी एक. मागे एका अपघाताच्या बातमीला आपल्याच अंकात 'विव्हळणाऱ्या जखमींकडे कर्मचाऱ्यांचे दुर्लक्ष' असा मथळा होता. ते कर्मचारी निपचित पडलेल्यांकडे आधी गेले होते, आणि तेच बरोबर होते. आम्ही खुलासा पाठवला, तो छापला गेला नाही. हे पत्र तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक पॅरामेडिक