आमच्या पेठेतल्या अंगणवाडीताईंचे जाहीर आभार

सप्रेम नमस्कार ताई,

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणते. पेठेत तेवढं पुरतं.

१९९२ पासून दर वर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. तुम्ही त्या आठवड्यात चक्क तालमीचा हॉल मागून घेतलात आणि बाळंतिणींबरोबर सासवा, आया, नवरे, दीर, सगळ्यांना बोलावलंत. याचे आभार मला सर्वात आधी मानायचे आहेत. अंगावर पाजणं हे आईचं काम, असं म्हणून घर मोकळं होतं. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला पाण्याचा तांब्या कुणी आणून द्यायचा, ते तुम्ही नवऱ्यांना सर्वांसमोर सांगितलंत.

आपल्या कोल्हापुरात दूध म्हटलं की आधी साय बघतात. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या माणसांना आईचं दूध पातळच वाटणार. ‘हिचं दूध पाण्यासारखं आहे’ हे वाक्य आमच्या आत्याबाईंनीही ऐकवलं होतं, काळजीपोटीच. तुम्ही त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून समजावलंत: पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ, त्याने तहान भागते, मागून येणारं दाट, त्यात स्निग्धांश जास्त. म्हणून एक बाजू पुरती पिऊ द्यायची, मग दुसरी. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, गुटी नको, मध तर नकोच. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. दिवसाला सहा-सात दुपटी ओली होतायत आणि वजन वाढतंय, म्हणजे पोट भरतंय. आत्याबाई आता गल्लीत हेच सांगत फिरतात, आणि त्यांचं बायका माझ्यापेक्षा जास्त ऐकतात.

बाहुली घेऊन तुम्ही बाळाला धरायचं कसं ते दाखवलंत, तेही मोलाचं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात. चिरा पडून रडणाऱ्या कितीजणींचं दुखणं एवढ्यानं हलकं झालं.

चीक पिळून टाकू नका, पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्या, हे तुम्ही गरोदर मुलींनाही सांगितलंत. शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या वहिनीला दूध काढून ठेवायचं शिकवलंत, आणि २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदाही समजावलात.

एका आईला दूध पुरत नव्हतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती वाटी-चमच्यानं वरचं देत होती, आणि मागे कोपऱ्यात बसली होती. तुम्ही तिला पुढे बोलावून मायेनं शेजारी बसवलंत. स्तनपानाचा आग्रह धरताना अशा आईला अपराधी वाटू न देणं फार थोड्यांना जमतं.

आणि ओट्या भरताना, जिचा नवरा गेला आहे तिला पहिला मान दिलात. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये केला. आमच्या पेठेत तो पाळलेला मी त्या दिवशी पाहिला. कुणी कुरकुरलं नाही.

पुढच्या ऑगस्टला आळिवाच्या लाडवांचं आमच्याकडे लागलं. माझ्या जावेचे तेव्हा दिवस भरत आलेले असतील, तिला पुढच्या रांगेत बसवा.

तुमची,
पेठेतली एक आई