पुढचं पुस्तक निवडायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

वाचनगटाचं पुढचं पुस्तक कसं ठरवायचं, याची जी रीत तुम्ही आमच्या गटाला घालून दिलीत तिच्यासाठी हे पत्र. तुमच्या हाती एकटीला न देता ते सगळ्यांसमोर ठेवतो आहोत. नागपुरात आणि बाहेरही घराघरांत असे गट चालतात आणि त्यांतले बरेच पुस्तक ठरवण्याच्या घोळातच थंडावतात. तुमची रीत त्यांच्याही कामी यावी. ग्रंथालयशास्त्रात तुमची हयात गेली, पण आम्हाला तुम्ही शास्त्र सांगितलं नाहीत. कागद, पेन आणि पुस्तक समोर ठेवून दाखवलंत.

सर्वांत मोठे आभार तुमच्या एका प्रश्नासाठी: "या पुस्तकावर दीड तास बोलाल काय?" पुस्तक उत्तम असणं आणि ते गटात बोलण्याजोगं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांना सारखंच आवडलेलं पुस्तक पंधरा मिनिटांत संपतं. "फारच छान" झालं की चहाच. म्हणून नाव सुचवणाऱ्याने त्या पुस्तकातून तीन प्रश्न आणायचे, आणि प्रत्येक प्रश्नाला दोन शहाणी माणसं वेगवेगळी उत्तरं देतील असं वाटलं पाहिजे. 'धग' कादंबरीची नायिका कौतिक हिच्या जिद्दीला दाद द्यायची, की त्या जिद्दीची किंमत कोणी चुकवली ते मोजायचं? हा चालणारा प्रश्न. "लेखकाची भाषा कशी वाटली?" हा न चालणारा, कारण त्याला सगळे मान डोलावतात. पुरस्कार मिळालेलं पुस्तक सुचवणाऱ्यांनाही हीच अट लागू. पुरस्कार पुस्तकाला मिळालेला असतो, चर्चेला नाही, हे तुमचं वाक्य आता गटात सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे.

सुचवणाऱ्याने आपलं सर्वांत लाडकं पुस्तक आणू नये, हा तुमचा नियम पहिल्यांदा ऐकताना कडक वाटतो. पण लाडक्या पुस्तकावर कोणी टीका केली की ती माणसाला लागते आणि बाकीचे जपून बोलू लागतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं आणायचं. शिवाय सुचवणारा वेगळा आणि चर्चा चालवणारा वेगळा. एकाच माणसाकडे दोन्ही आलं की चर्चेचं व्याख्यान होतं.

मग तुमचा पानांचा हिशेब. पाठीवरचा पृष्ठांचा आकडा फसवा असतो, म्हणून मधलं एखादं पान उघडून ओळी मोजायच्या, तीन-चार ओळींतले शब्द मोजून सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा. २८ ओळी आणि ओळीत साधारण ९ शब्द म्हणजे पानावर सुमारे २५० शब्द. बारीक टायपात ३४ ओळी आणि ११ शब्द असतील तर जवळजवळ ३७५. दोन्ही पुस्तकं २०० पानांचीच दिसतात, पण दुसरं दीडपट मोठं. नोकरी-घर सांभाळणारा माणूस रोज २० मिनिटं काढू शकतो असं धरलं, तर चार आठवड्यांत ५६० मिनिटं मिळतात. २५० शब्दांच्या पानाला दोन मिनिटं धरली की २८० पानं. हीच महिन्याची मर्यादा. त्यातून आजारपण, पाहुणे, परीक्षा वजा करून २२० ते २४० पानांवर थांबावं, हा तुमचा सल्ला सोन्यासारखा आहे. त्याहून मोठं पुस्तक घ्यायचं तर दोन बैठकांत वाटून घ्यायचं आणि पहिल्या बैठकीची सीमा आधीच प्रकरणाच्या आकड्याने ठरवायची. "साधारण निम्म्यापर्यंत" म्हटलं की प्रत्येकाचं निम्मं वेगळं निघतं, आणि पुढे वाचून आलेला माणूस नकळत शेवट सांगून बसतो.

प्रतींची चौकशी मतदानाच्या आधी करायची. हा क्रम उलटा झाला तर काय होतं ते कोणत्याही गटाला विचारा. सगळ्यांनी हौसेने निवडलेल्या पुस्तकाची आवृत्ती संपलेली निघते, मग पुनर्मुद्रणाची वाट, मग झेरॉक्स, मग निम्मे लोक न वाचता येतात. तुमची पद्धत अशी: यादी पाच नावांवर बंद. दोघं जण आठवडाभर चौकशी करतात. सीताबर्डीच्या दुकानांत किती प्रती हाताशी आहेत, प्रकाशकाकडे शिल्लक आहेत का आणि पुण्या-मुंबईहून पार्सल यायला किती दिवस लागतील, कोणत्या वाचनालयात किती प्रती आहेत आणि मुदत किती दिवसांची. मुदत चार आठवड्यांपेक्षा कमी असेल तर एका प्रतीवर दोघांची पाळी लावायची. तेरा जणांच्या गटात एका घरातले दोघं धरले तर नऊ-दहा प्रती पुरतात. एवढ्या प्रती दहा दिवसांत मिळणार नसतील तर ते नाव बाद होत नाही, पुढच्या तिमाहीत जातं. एवढ्याने सुचवणाऱ्याचं मन राहतं आणि प्रती जमवायला वेळही मिळतो.

श्रेयपान, म्हणजे आवृत्ती-प्रकाशनाची माहिती असलेलं सुरुवातीचं पान, वाचायला तुम्ही शिकवलंत. पुनर्मुद्रण असेल तर मजकूर आणि पानं सहसा तीच राहतात. नवी किंवा सुधारित आवृत्ती असेल तर प्रस्तावना बदललेली, कधी प्रकरणं मागेपुढे, पानांचे आकडे तर हमखास वेगळे. म्हणून चर्चेत पान क्रमांक सांगायचाच नाही. प्रकरण आणि प्रसंग सांगायचा. मुदत संपलेल्या कॉपीराइटच्या पुस्तकांत हे जास्त जपावं लागतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन कोणीही छापू शकतं. अशी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण एखाद्या प्रतीत मजकूर गाळलेला असतो आणि मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नसतं. दोन प्रती शेजारी ठेवून प्रकरणांची संख्या आणि शेवटचं पान ताडून पाहायचं, दोन मिनिटांचं काम. आणि ज्यांचा कॉपीराइट चालू आहे त्यांची फिरती पीडीएफ गटात टाकायची नाही, यावर तुम्ही ठाम राहिलात, त्याबद्दलही आभार. फुकट आणि रीतसर हवं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं ई-स्वरूपात मोफत आहेत, हेही तुम्हीच दाखवलंत.

अनुवाद असेल तर तो कोणत्या भाषेतून केला, हे श्रेयपानावर शोधायचं. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या थेट कन्नडमधून मराठीत आणल्या. पण कितीतरी अनुवाद इंग्रजी किंवा हिंदीच्या वाटेने येतात आणि मग गट ज्या वाक्यावर भांडतो ते मूळ लेखकाचं असतंच असं नाही. मालिकेतलं पुस्तक असेल तर क्रम पाहायचा. महेश एलकुंचवारांचं 'मग्न तळ्याकाठी' हातात पडलं म्हणून तिथूनच सुरुवात केली, तर 'वाडा चिरेबंदी'त धरणगावच्या देशपांड्यांचं काय झालं हे ठाऊक नसलेला वाचक अर्धं नाटक चाचपडत राहतो.

सुचवणाऱ्याला तीन मिनिटं. त्यात कथा सांगायची नाही. पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं आणि ते पहिलं नको. पहिल्या पानावर लेखकाने सगळी ताकद लावलेली असते. एक तृतीयांश पुस्तक संपल्यावर गाडी कशी चालते ते कळतं, म्हणून तिथलं पान. बोलीतल्या पुस्तकांना याचा विशेष फायदा होतो. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधले (१९६०) वऱ्हाडी संवाद मनातल्या मनात वाचताना प्रमाण मराठीवर वाढलेला माणूस अडखळतो आणि "मला हे जमणार नाही" म्हणतो. तोच संवाद कानावर पडला की अर्थ आपसूक लागतो. नागपूरच्या गटात असं पान वाचून दाखवणारं कोणीतरी असतंच. ते न करता नुसतं "बोलीभाषेत आहे बरं का" एवढंच सांगितलं तर चांगलं पुस्तक फुकट मागे पडतं.

आता मतदान. हात वर करून निवड का करू नये, ते तुम्ही फळ्यावर मांडलं होतंत, तसंच इथे मांडतो. तेरा जण, पाचांच्या यादीतून चौकशीनंतर उरलेली तीन नावं: एक चरित्र आणि दोन कादंबऱ्या. चरित्राला पाच हात, दोन्ही कादंबऱ्यांना चार-चार. चरित्र जिंकलं, पण आठ जणांना ते सर्वांत शेवटी हवं होतं. तेच आठ जण पुढच्या बैठकीला न वाचता येतात. याऐवजी चिठ्ठीवर तिन्ही नावं पसंतीने लावायची: पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. चरित्राला पाच पहिल्या पसंतीचे १५ आणि आठ शेवटच्या पसंतीचे ८, एकूण २३. कादंबरीवाल्या आठ जणांनी एकमेकांची कादंबरी दुसरी लावली आणि चरित्रवाल्या पाचांपैकी तिघांनी पहिली कादंबरी दुसऱ्या जागी ठेवली, तर तिला २८ आणि दुसरीला २७. बेरीज ७८ येते का पाहायचं, कारण तेरा चिठ्ठ्या गुणिले सहा. नाही आली तर चिठ्ठी चुकीची भरली आहे. ही रीत अठराव्या शतकातल्या बोर्दा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची, हेही तुम्ही सांगितलंत. तिची खोट अशी की हुशार माणूस मुद्दाम तगड्या प्रतिस्पर्ध्याला शेवटी टाकू शकतो. त्यावर उपाय दोन: चिठ्ठ्या गुप्त आणि नावं तीनच. बरोबरी झाली तर कमी पानांचं पुस्तक घ्यायचं.

चिठ्ठ्या बैठकीच्या शेवटी कधीच नाही. तेव्हा निम्मे उठलेले असतात आणि उरलेले दमलेले. अगदी सुरुवातीलाही नको, कारण उशिरा येणारे राहून जातात. मधल्या चहाला.

त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला "नको" लिहायची मुभा तुम्ही ठेवलीत, यासाठी आमच्यातले काही जण तुमचे फार ऋणी आहेत. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, दवाखाना चालू असेल, तर काही पुस्तकं त्या महिन्यात झेपत नाहीत. वर्षातून एकदा, एका नावावर, कारण न विचारता. ते पुस्तक बाजूला जातं आणि वर्षभराने परत यादीत येऊ शकतं. "नको" कोणाचं हे चिठ्ठ्या मोजणाऱ्यालाही कळू नये म्हणून सगळ्यांनी एकाच शाईचं पेन वापरायचं, इतका बारीक विचार तुम्ही केला होता.

नागपूरच्या ऋतूंशी पुस्तकं जोडायची कल्पनाही तुमचीच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुपारी घराबाहेर पडणं नको होतं. बैठक संध्याकाळी सातनंतर, आणि पुस्तक लहान किंवा नाटक, जे पात्रं वाटून घेऊन तिथेच मोठ्याने वाचता येतं. लहान नाटक एकाच बैठकीत वाचून होतं आणि कोणाची तयारी राहिली असेल तरी चालतं. जाडजूड पुस्तक जुलै-ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरसाठी दलित आत्मकथन किंवा आंबेडकरी साहित्य घ्यायचं असेल तर नाव सप्टेंबरअखेर पक्कं करायचं, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तिथे एरवी दुकानात न दिसणारी शीर्षकं, छोट्या प्रकाशकांची, कमी किमतीत आणि एकाच जागी मिळतात. यादी आणि प्रतींची संख्या कागदावर लिहून न्यायची आणि पहिल्या दिवशीच जायचं. दिवाळीनंतरच्या महिन्यात अख्खं पुस्तक नको, दिवाळी अंकांतल्या दोन कथा पुरे. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्स-सीताबर्डीकडचे रस्ते अडतात, तेव्हा बैठक रविवारी सकाळी.

तुम्ही दिलेली रकान्यांची वही भरली आणि आता तशीच दुसरी आखली आहे: पुस्तकाचं नाव, आवृत्ती, शब्दांचा अंदाज, किती जणांनी पूर्ण वाचलं, चर्चा किती वेळ चालली, कोणत्या प्रश्नावर सर्वांत जास्त बोलणं झालं. शेवटचा रकाना पुढच्या निवडीला सर्वांत उपयोगी पडतो, म्हणून नव्या वहीत तो दुप्पट रुंद केला आहे. या वेळच्या पाच नावांची यादी आणि प्रतींची चौकशी झाली की कागद तुमच्याकडे पाठवतो. चिठ्ठ्या पुढच्या रविवारी आहेत. तुम्ही आलात तर तुमचीही चिठ्ठी पेटीत पडेल.

आपले,
वाचनगटातले सर्व जण
नागपूर